दुसऱ्या बेसला चाल नसते

विनू,

तू कशानं गेलास, कधी गेलास, मागे कोण कोण राहिलं, हे तुझ्या ईरानं सगळ्यांना ईमेलनं कळवलं आहे. चांगलं लिहिलंय पोरीनं. फोटोही नीट निवडलाय, पोट दिसत नाही असा. त्यामुळे ती माहिती मी इथे पुन्हा देत बसत नाही. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय. आपला एक वाद अर्धवट राहिलाय आणि तो तसाच टाकून तू उठून गेलास. तुझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणा. हरायची वेळ आली की तुला नेहमी चहाची आठवण व्हायची.

वाद तुला माहीत आहे. त्या रविवारी चर्चमध्ये स्तोत्र संपलं, ग्वेननं हात खाली घेतला, आणि तरीही तू शेवटची ओळ एकट्यानं पुन्हा उचललीस. ती चूक होती की मुद्दाम? मी म्हणायचो चूक. तू म्हणायचास मुद्दाम. दर मंगळवारी वेस्ट विंडसरहून तालमीला निघून नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत आपण यावर भांडायचो, आणि पलीकडे पेनसिल्व्हेनियात उतरलो की तू गाडीतला हीटर वाढवायचास आणि विषय बदलायचास.

हे इतरही कुणी वाचतील, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगावं लागेल. तोवर तू कंटाळू नकोस.

नदी ओलांडून उत्तरेला गेलं की पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणी लागतात. आपण लहानपणी ज्या दगडी पाटीवर ग म भ न गिरवलं, तोच दगड. तो काढायला फार पूर्वी वेल्समधून माणसं इथे आली. येताना त्यांनी दगड चिरायची विद्या आणली आणि चार आवाजांत गायची सवयही आणली. खाणी कधीच बंद पडल्या, त्यांत आता पाणी भरलंय, पण त्या कामगारांच्या नातवा-पणतवांनी पुरुषांचा एक गायकवृंद अजून चालू ठेवलाय. सगळे मिळून जेमतेम चार रांगा भरतात. बहुतेकांचे केस पांढरे, काहींचे तेही नाहीत.

या लोकांमध्ये मिरजेचा एक माणूस शिरला तो पंक्चर झालेल्या टायरमुळे. ईराला कुठल्याशा कॅम्पला सोडून तू परत येत होतास, गाडी बसली ती नेमकी त्या चर्चसमोर. फोनला रेंज नव्हती, आत दिवे दिसले, म्हणून तू जॅक मागायला गेलास. आत तालीम चालली होती. दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं तुला विचारलं, टेनर की बेस, म्हणजे वरचा आवाज की खालचा? तू म्हणालास, टायर. त्यानं ऐकून घेतलं की नाही देव जाणे, त्यानं तुझ्या हातात गाण्याची एक जुनी कॉपी दिली आणि मागच्या रांगेत ढकललं.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं तुला लॉटरी लागली. "अरे सुहास, यांच्या जुन्या कॉपीत सुरांच्या रेघा नाहीतच! नुसती अक्षरं आहेत. डो, रे, मी. ही तर आपली सरगम यार! आणि यांचा सा पण आपल्यासारखाच, वाटेल त्या पट्टीत धरा. काळी दोन म्हणा, काळी चार म्हणा."

"आणि टायर?" मी विचारलं.

"तो टेनरवाल्यांनी बदलला."

पुढे तू मलाही ओढलंस. मी औषधांच्या कंपनीत व्हॅलिडेशन करणारा माणूस. जे लिहिलंय तसंच झालं का ते बघायचं, आणि जे झालं ते लिहिलंय का तेही बघायचं, हा माझा जन्माचा धंदा. म्हणून तू मला इन्स्पेक्टर म्हणायचास. माझा आवाज बेताचा आहे हे मी तुला पहिल्यांदाच सांगितलं होतं. तू म्हणालास, "बेसला माणसं कमी आहेत. आवाज नसला तर नसू दे, उंची तरी दे." अशी माझी भरती झाली.

आपली रांग दुसऱ्या बेसची. पहिले टेनर, दुसरे टेनर, मग पहिले बेस, आणि सगळ्यांत खाली आपण. तिथे उभं राहिल्यावर मला पहिली गोष्ट कळली ती ही की चाल आपल्याकडे नसतेच. चाल टेनरवाल्यांकडे. ते गातात, लोक त्यांच्याकडे बघून डोळे पुसतात, आणि आपण आपले सा, सा, सा, मग एकदा प, मग पुन्हा बराच वेळ सा. मी तक्रार केली तेव्हा तू म्हणालास, "दुसऱ्या बेसला चाल नसते रे. आपण जमीन आहोत." थोडं थांबून म्हणालास, "आणि जमिनीवर सगळे पाय देतात." या दुसऱ्या वाक्यामुळे पहिलं मला सहन झालं.

मी मोजायचो बरोबर आणि उचलायचो उशिरा. हे ग्वेननं पहिल्याच महिन्यात ओळखलं. ही ग्वेन म्हणजे हात हलवून आमच्याकडून गाऊन घेणारी, निवृत्त शाळामास्तरीण. एवढे सगळे बाप्ये तिला चळाचळा कापायचे. ती म्हणायची, "सुहास, यू डोन्ट सिंग. यू अराइव्ह." तिला काय माहीत, मी मोजून गातच नव्हतो. तू श्वास घेतलास की तुझा उजवा खांदा वर यायचा आणि माझ्या डाव्या दंडाला लागायचा. तो लागला की मी शिरायचो. त्यामुळे मी कायम तुझ्या अर्धी मात्रा मागे. इतक्या वर्षांत माझा पहिला सूर मी स्वतःहून एकदाही लावला नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. आपण काही गवयी नव्हेत.

तुझ्याबद्दल मात्र ग्वेनच्या तक्रारी निराळ्या. तू सुरावरून सुरावर जाताना घसरत जायचास. आपल्याकडे तिला मींड म्हणतात आणि लोक वाहवा करतात. तिथे ती थांबून म्हणायची, "नो स्लायडिंग, व्हिनू." तू मान डोलवायचास आणि माझ्या कानात म्हणायचास, "अरे पण मध्ये जे आहे ते कुणी गायचं?" त्यांच्या भाषेत जीभ टाळूला लावून बाजूनं हवा सोडायचा एक विचित्र आवाज आहे, त्या जागी तू बिनदिक्कत ळ ठोकून दिलास. आवाज तुझा मोठा, त्यामुळे हळूहळू सगळी मागची रांगच ळ म्हणायला लागली. वेल्सच्या खाणकामगारांचे पणतू मिरजेच्या उच्चारात आपल्या पणजोबांची स्तोत्रं म्हणताहेत, हे बघून मला दर वेळी हसू आवरायचं नाही.

वहिनी यातल्या कशातच नव्हत्या. तुझ्या माधवीची मतं तू लग्नाच्या दिवसापासून ऐकत आलास, हे मत मीही पुष्कळदा ऐकलं. "दुसऱ्यांच्या देवाचं दुसऱ्यांच्या देवळात जाऊन गायचं, मला नाही बाई जमायचं. तुम्ही जा. आल्यावर पाय धुवा म्हणजे झालं." शिवाय रविवारी त्यांची मराठी शाळा. कार्यक्रम नेमके रविवारी. तेव्हा त्या एकदाही आल्या नाहीत आणि तूही कधी आग्रह केला नाहीस.

पण घरी तू भांडी घासताना गायचास. मी जेवायला असलो की ते दृश्य मी पुष्कळदा पाहिलंय. डिशवॉशर असताना तू हातानं भांडी घासायचास, कारण नळाच्या आवाजात तुझा सूर तुला भारदस्त वाटायचा. वहिनी टेबल पुसता पुसता म्हणायच्या, "भावजी, याला चाल आहे का हो काही? मला तर फ्रिज सुरू झाल्यासारखं वाटतं."

"हीच चाल आहे," तू म्हणायचास, हाताला फेस तसाच.

नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, त्यातून फुकटचं जेवण चाललेलं असताना तर नाहीच.

आता त्या रविवारी काय झालं ते. या लोकांची एक रीत आहे. वर्षातून एकदा सगळे जमतात आणि दिवसभर नुसती स्तोत्रं गातात. ऐकणारे वेगळे आणि गाणारे वेगळे असं नसतंच, जो येईल त्यानं गायचं. बसायचं ते आवाजाप्रमाणे. आपल्याकडे जेवणाच्या पंगती बसतात, तिथे आवाजांच्या. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, सासू भलतीकडे. तुला ती व्यवस्था फार आवडली. म्हणालास, संसारातले निम्मे प्रश्न असेच सुटतील.

दुपारी ते स्तोत्र आलं. त्याची शेवटची ओळ आधी दुसरा बेस एकटा उचलतो, मग एकेक आवाज वरून येऊन मिळतो. आपण गायलो. ग्वेननं मूठ मिटली, हात खाली घेतला. सगळं चर्च गप्प झालं. आणि त्या शांततेत तू पुन्हा सुरू केलंस.

एकट्यानं. भर सभेत. मींडेसकट.

ग्वेनचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. पण रांगेतल्या बाकीच्यांना तुझ्यामागून जायची सवयच होती, त्यामुळे ते शिरले. मग अर्ध्या मात्रेनं मी. मग पहिले बेस, मग टेनर, मग बायका, आणि मग सगळं चर्च उभं राहिलं. ती ओळ पुन्हा झाली, मग आणखी पुन्हा झाली. तिसऱ्या वेळी ग्वेन रडत होती आणि हात वर करून सगळ्यांना चालवत होती.

संपल्यावर बायकांच्या बाजूनं एक खूप म्हातारी बाई काठी टेकत आली. तिनं तुझा हात धरला. तिच्या लहानपणी असंच व्हायचं म्हणाली. कुणाला तरी राहवायचं नाही आणि तो ओळ पुन्हा उचलायचा. आताच्या लोकांना भीती वाटते, सगळे बाईंच्या हाताकडे बघत बसतात. तू ते कसं ओळखलंस, असं तिनं विचारलं. आणि तू, गृहस्था, मान तिरकी करून म्हणालास, "यस, यस. आय फेल्ट इट."

खोटं! साफ खोटं. मी शेजारी उभा होतो. मिरजेत दत्ताच्या देवळात तुझे वडील गुरुवारचं भजन चालवायचे, तू सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी झांज घेऊन बसायचास, हे तूच मला सांगितलंयस. तिथे पालुपद संपत नसतं. बुवा थांबले असं वाटलं की कुणीतरी झांज उचलतो आणि पुन्हा. तेच तुझ्या अंगात मुरलेलं. तू कुठे आहेस हे तुझ्या घशाला त्या घटकेला माहीतच नव्हतं. आणि माझा मुख्य पुरावा हा की तुझे डोळे मिटलेले होते. डोळे मिटून गाणाऱ्याला हात खाली गेलेला दिसत नाही. ज्याला दिसत नाही, त्यानं मुद्दाम काय करायचं?

तू यावर कधी सरळ उत्तर दिलं नाहीस.

त्यानंतर ती रीतच पडली. कधी तू उचलायचास, कधी नाही. स्तोत्र संपलं की ग्वेन हात खाली घ्यायची आणि थोडी थांबायची. सगळे थांबायचे. तू उचललंस तर पुढे, नाही उचललंस तर टाळ्या. या अनिश्चिततेचा मला वैताग यायचा. पाणी प्यायचं की श्वास घ्यायचा, हेही कळायचं नाही. मी किती वेळा म्हटलं, अरे, एकदा काय ते ठरवा, कॉपीवर पेन्सिलीनं पुन्हा गायची खूण टाका. तुझं उत्तर ठरलेलं: "इन्स्पेक्टर, खूण टाकलीस की ते परत गाणं होईल. परत उचलणं होणार नाही."

"फरक काय?"

"फरक आहे."

"काय तो सांग ना."

"हीटर जास्त होतोय का रे तुला?"

शेवटचं आपण यावर बोललो ते हॉस्पिटलात. मी काही वेगळंच बोलायला आलो होतो. येताना गाडीत जुळवाजुळवही केली होती. पण तुझ्या नाकातल्या नळ्या बघितल्यावर माझ्या तोंडून निघालं ते हेच, की आता तरी कबूल कर, चूक होती. तू हसलास. खोकलास. मग म्हणालास, "चहा आण."

मी खाली जाऊन मशीनचा चहा घेऊन आलो, तोवर तुला झोप लागली होती. मी बसून राहिलो. चहा निवला, मग तो मीच प्यालो. इतका वाईट चहा मी या देशातसुद्धा प्यालो नव्हतो.

जे बोलायचं होतं ते आता इथे लिहून टाकतो. मी गाण्यासाठी येत नव्हतो विनू. मला ती भाषा कळत नाही, तो देव माझा नाही, आणि सा लावून उभं राहायला मंगळवारची संध्याकाळ घालवावी असं त्यात काही आहे असं मला अजूनही वाटत नाही. मी तुझ्या शेजारी उभं राहायला येत होतो. घटस्फोटानंतर माझ्या आठवड्यात दुसरं काही नव्हतं. तू ते ओळखलं होतंस आणि कधी बोलला नाहीस. बेसला माणसं कमी होती, हे तू शेवटपर्यंत धरून ठेवलंस. त्याबद्दल मी तुझा फार आभारी आहे.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी ईरा राहते त्या ईडन प्रेरीहून निघताना तिचा एअरपोर्टवरून फोन आला. "काका, बाबाचा तो कॉयर... कॅन दे कम? आय आस्क्ड आई. ती म्हणाली, सुहासकाकांना विचार."

मी वहिनींना फोन केला. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "गुरुजींचं झाल्यावर वेळ उरला तर गाऊ देत. एवढ्या लांबून येणार आहेत बिचारे."

वेळ उरणार तो किती, हे तुला माहीत आहे. फ्यूनरल होममध्ये अंत्यविधीपासून सगळं तासावर असतं. आपल्यानंतर दुसरं कुटुंब होतं. एक स्तोत्र बसेल, तेही एकदाच.

मग ग्वेनचा फोन. त्यांच्यात गेलेल्या माणसाची जागा रांगेत रिकामी ठेवतात, तेव्हा मी डावीकडे सरकायचं नाही, हे तिनं सांगितलं. पुढे म्हणाली, ते स्तोत्र घेऊ. कॉपीवर मी पुन्हा गायची खूण टाकली आहे आणि शेजारी सुहास असं नाव लिहिलंय. या वेळी सुहास उचलेल.

मी वर्षानुवर्षं जे मागत होतो ते नेमकं मला मिळालं. खूण, आणि शेजारी जबाबदार माणसाचं नाव. माझ्या ऑफिसात याहून चांगला कागद कुणी तयार केला नसता. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "नाही ग्वेन. ते असं लिहून होत नाही." मी तिच्याशी तावातावानं भांडलो. खूण टाकली की ते परत गाणं होईल, परत उचलणं होणार नाही, हे तुझंच वाक्य मी तिला इंग्रजीत ऐकवलं. फरक काय, असं तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही.

ती म्हणाली, ठीक आहे, खूण पुसते. पण मग कुणी उचललं नाही तर ते तिथेच संपेल, सुहास. व्हिनूसाठी ते एकदाच गायलं जाईल.

म्हणजे आलं माझ्यावरच. फोन ठेवल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसलो आणि ती ओळ उचलून बघितली. जमेना. सूर खाली लागायचा नाहीतर उशिरा. दंडाला काही लागत नव्हतं ना. मी तसा न घाबरणारा माणूस आहे, पण त्या दिवशी घाबरलो. तुझ्यासाठी काही करायची ही एकच वेळ, आणि त्यात मी नेहमीप्रमाणे उशिरा पोहोचणार, हे मला दिसत होतं.

त्या दिवशीचं तू बघायला हवं होतंस. गुरुजींच्या पूजेमुळे आपल्या लोकांनी दाराशी चपला-बूट काढून ठेवले होते. हे म्हातारे गडद तांबडे कोट घालून आले, त्यांनी तो ढीग पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी मुकाट्यानं आपले बूट काढले. एकेकाला वाकायला वेळ लागला. मग ती सगळी मंडळी तुझ्या पायाशी मोज्यांवर उभी राहिली. पहिल्या टेनरच्या एका मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. वहिनी पुढच्या खुर्चीत, पांढऱ्या साडीत. ईरा त्यांचा हात धरून. माझ्या डावीकडे तुझ्या रुंदीची जागा मोकळी.

आम्ही गायलो. आपले लोक कुतूहलानं बघत होते. स्तोत्र शेवटाला आलं, बेसनं ओळ उचलली, म्हणजे बाकीच्यांनी उचलली आणि मी मागून शिरलो, वरून एकेक आवाज येऊन मिळाला, आणि ग्वेननं मूठ मिटून हात खाली घेतला.

शांतता. दाराशी फ्यूनरल होमचा माणूस घड्याळाकडे बघत होता. ग्वेननं माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढं तिनं पाळलं. रांगेतले सगळे समोर बघत होते, पण माझीच वाट बघत होते हे मला पाठीलासुद्धा कळत होतं. मी श्वास घेतला. घेतला होता, हे शपथेवर सांगतो. पण डाव्या दंडाला काही लागलं नाही, आणि मी तो श्वास तसाच धरून उभा राहिलो.

आणि ओळ सुरू झाली.

खालून नाही, वरून. बाईच्या आवाजात. वहिनी गात होत्या. डोळे मिटलेले, हात ईराच्या हातात. सा, सा, सा, आणि मग प. आपला भाग, विनू. तुझा. चाल नव्हे. तू सिंकपाशी उभा राहून रोज गायचास तोच, तेवढाच, एक सप्तक वर. शब्द सगळे. ज्या जागी तू घसरायचास त्या जागी घसरत, आणि जिथे तू ळ म्हणायचास तिथे ळ.

ग्वेनचा हात वर यायला क्षणभर उशीर झाला. ईरा आईकडे तोंड उघडं टाकून बघत होती. मग बेस शिरले. मी शिरलो, अर्थातच अर्ध्या मात्रेनं मागे. वरून पहिले बेस आले, टेनर आले, सगळ्यांनी मिळून वहिनींच्या भोवती तुझं गाणं उभं केलं. मला पुढचं नीट दिसत नव्हतं. मी रडत होतो, आणि ते लपवायची सोय दुसऱ्या बेसमध्ये असते, म्हणून बरं.

आता आपल्या वादाबद्दल. माझा मुख्य पुरावा हा होता की डोळे मिटून गाणाऱ्याला हात खाली गेलेला दिसत नाही, म्हणून ती चूक. वहिनींचे डोळे मिटलेले होते. आणि ती चूक होती असं मला कुणी म्हणून दाखवावं, मी त्याच्याशी भांडेन. तेव्हा तो पुरावा मी मागे घेतो. तू जिंकलास असं मात्र समजू नकोस.

नंतर पार्किंगमध्ये मी वहिनींजवळ गेलो. म्हातारे दाराशी एकमेकांना धरून बूट घालत होते, त्यांच्याकडे त्या बघत होत्या.

"छान गातात हो तुमची माणसं, भावजी," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं असतं ते, मला माहीतच नव्हतं."

मी मान हलवली.

"पण एक सांगू का? विनायकराव गायचे ते मला पाठ आहे ना. आज ही वरची मंडळी पहिल्यापासून चाल सोडून भलतंच काहीतरी गात होती. नाही का?"

जे आहे तसं सांगणं हा माझा जन्माचा धंदा आहे, हे तुला माहीत आहे.

"हो वहिनी," मी म्हटलं. "चाल विनूकडे होती."